चाळीस पिना आणि एक 'चालेल की'

"ही पिन कुठे चालणार आहे?" नंबियार सरांनी विचारलं.

"कुठेच नाही, सर," मी म्हटलं. "ती खुर्चीत बसवायची आहे. एकदा बसवली की जागची हलत नाही."

"मग इथे तसं का लिहिलंय?"

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टचा फोटो काढून त्यांनी तो भाषांतराच्या अ‍ॅपला खायला घातला होता, आणि अ‍ॅपने इमानेइतबारे इंग्रजी करून दिलं होतं. पिन क्रमांक एक : विल वॉक. पिन क्रमांक दोन : विल वॉक. अशा एकूण सदतीस पिना भविष्यात चालणार होत्या. दोन पिना त्या क्षणीच चालत होत्या, इज वॉकिंग. आणि पिन क्रमांक तेवीसच्या पुढे लिहिलं होतं, विल वॉक ऑर.

"ऑर व्हॉट?" नंबियार सर म्हणाले. "चालेल किंवा काय? वाक्य अर्धवट सोडलंय."

मी मूळ कागद ओढला. आमचे इन्स्पेक्टर दाभाडेकाका, त्यांचं मोत्यासारखं अक्षर. पृष्ठभागाच्या रकान्यात सदतीस वेळा 'चालेल', दोनदा 'चालतंय' आणि एकदा 'चालेल की'. खाली काकांचा शिक्का. शिक्क्याच्या शेजारी, सगळं नीट वाचून पाहिल्याची साक्ष म्हणून, माझी सही.

मी तेव्हा वाघोलीच्या पुढे एका लहान कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे सगळं हसत सांगता येतं. आम्ही बारीकसारीक पार्ट बनवायचो. पंपाचे, छपाईच्या मशीनचे. मग एके दिवशी दक्षिणेतल्या एका कंपनीने आम्हाला पिना करायला दिल्या. ती कंपनी अंतराळवीरांच्या खुर्च्या बनवत होती. आपली करंगळी असते तेवढी पिन. माणूस अवकाशात जाणार आणि त्याच्या बुडाखाली आमची पिन असणार, या कल्पनेने आमचे मालक लेलेसाहेब इतके सुखावले की त्यांनी स्वखर्चाने सगळ्यांना पेढे वाटले. त्यांना ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल.

लहानपणी आम्हाला शाळेत सांगितलं होतं की आम्ही मोठे होईपर्यंत लोक सुट्टीत चंद्रावर जातील. मी मोठी झाले, लग्न झालं, मुलं झाली, गुडघे दुखायला लागले, तरी सुट्टीत महाबळेश्वरच. हे इतकं हळू का चालतं, ते मला या पिनांनी शिकवलं. उपग्रह वर पाठवायचा तर कागद लागतातच. माणूस पाठवायचा तर त्याच्या कितीतरी पट लागतात. याला ह्युमन रेटिंग म्हणतात. म्हणजे प्रत्येक वस्तू माणसाच्या जिवाला लायक आहे, हे प्रत्येक वस्तूपुरतं वेगळं सिद्ध करायचं. उपग्रहाच्या घरी कोणी वाट बघत नसतं, एवढाच काय तो फरक. नंबियार सर हे त्या दक्षिणेतल्या कंपनीचे ऑडिटर. केरळचे, सडपातळ, अत्यंत नम्र. आवाज कधी चढत नसे, फक्त पेन चालत असे. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं आणि अडलं की हिंदीत. इथे मी ते मराठीत देते आहे.

"सर, आमच्याकडे चालेल म्हणजे ओके," मी समजावलं. "अ‍ॅक्सेप्टेबल. माप बरोबर आहे, पृष्ठभाग ठीक आहे."

"आणि बाकीचे दोन शब्द?"

"तेही तेच. बोलायची पद्धत असते."

नंबियार सरांना ते पटत आलं होतं. सर्वांनी एकच शब्द वापरावा, अशी एक ओळ लिहून प्रकरण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण ते म्हणाले, ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा विचारू या. दाभाडेकाका आत आले. काका वाघोलीचेच, एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला. हातात मायक्रोमीटर, म्हणजे केसाची जाडीही मोजता येईल असं मापाचं हत्यार, आणि कपाळावर घड्याळजी लावतात तसलं भिंग. मी दाराकडून त्यांना डोळ्यांनी खुणावत होते.

"काका, हे साहेब विचारतायत, या तीन शब्दांत काही फरक नाही ना?"

"फरक हाय ना," काका म्हणाले. "फरक नसता तर तीन शब्द कशापायी लिवले असते?"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नंबियार सरांनी नवीन पान काढलं होतं.

"सांगा त्यांना, फरक सांगू दे."

काकांनी बोटं पुढे केली. "चालेल म्हंजे चालेल. काय खटकत न्हाई. चालतंय म्हंजे, मापात हाय, पन दिसाया देखनी न्हाई. आन चालेल की म्हंजे..." इथे ते थांबले. "चालेल की म्हंजे, मापात हाय, पन मला परत इचारू नका."

मी भाषांतर केलं. नंबियार सर नम्रपणे म्हणाले, "पण मी तर परत विचारतोय."

त्या संध्याकाळी चाळीसही पिना लाल जाळीत गेल्या. लाल जाळी म्हणजे संशयित मालाचं कपाट. त्याला कुलूप असतं. आणि काकांचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आला. या धंद्यात प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. तो ज्या पार्टच्या कागदावर पडला, तो पार्ट त्या माणसाने आपल्या नावावर पास केला. शिक्का गेला की कुठल्याच वस्तूला पास म्हणायचा हक्क गेला. काकांचा शिक्का चौकशी होईपर्यंत थांबवला होता. चौकशी विरुद्ध गेली तर तो कायमचा रद्द होणार होता, आणि त्याने पास केलेल्या चाळीसही पिना भंगारात.

काकांना निवृत्तीला दहा महिने उरले होते. त्यांना पॅकिंगला बसवलं. एकवीस वर्षं केसाचे भाग मोजणारा माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. चिकटपट्टीही तो इतकी सरळ लावायचा की बघून मला अपराधी वाटायचं. "गावात सांगून बसलोय मॅडम," एकदा चहाला म्हणाले, "का माझ्या शिक्क्याची वस्तू वर जानार हाय. आता इचारत्यात, कवा जानार?"

मला त्यांचा राग आला होता, कबूल करते. एक 'नाही फरक' म्हणायला काय झालं होतं? पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला. त्या कागदावर मी सही केली होती, आणि तो शब्द मला दिसलाच नव्हता. मराठी डोळ्याला चालेल हा शब्द दिसत नाही. तो बरोबरच्या खुणेसारखा नजरेआड होतो. तो दिसायला केरळहून माणूस यावा लागला.

पुढचं पाऊल म्हणून ग्राहकाने आमच्याकडे शब्दांच्या व्याख्या मागितल्या. लेलेसाहेबांनी मीटिंग बोलावली.

"अजेंडा काय?" त्यांनी विचारलं.

"चालेल या शब्दाची व्याख्या करणे," मी म्हटलं.

"अहो मॅडम, आपण शुद्धीवर आहात ना?" ते म्हणाले. "मी मुलगी बघून घरी आलो तेव्हा आमच्या आईने 'चालेल' म्हटलं होतं. आमच्या हिला ते कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती मला विचारते आहे, चालेल म्हणजे नक्की काय? माझ्या संसारात ज्याचा निकाल लागला नाही तो आपण फॉरमॅटमध्ये लावणार?"

तरी लावला. काकांनी सांगितलेले तीन अर्थ मी शुद्ध इंग्रजीत लिहिले आणि कागद दक्षिणेत पाठवला. पाच आठवड्यांनी तो परत आला. 'देखणी'साठी लिहिलेल्या इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ होती आणि शेरा होता : किती मायक्रॉन? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. देखणेपण मायक्रॉनमध्ये सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लिहून पाठवलं की देखणी हा केवळ नजरेचा शेरा आहे. उत्तर आलं की मग कुणाची नजर, आणि ती नजर रोज सारखीच असते याचा पुरावा काय.

असे महिने गेले. येरवड्यात आमच्या सोसायटीतल्या शिंदेवहिनी रोज सकाळी दूध आणताना भेटायच्या. त्यांना मी हौसेने पिनेचं सांगून ठेवलं होतं, आणि आता भोगत होते.

"काय हो, कधी जातंय तुमचं यान?"

"यान माझं नाही, वहिनी. माझी फक्त पिन आहे. आणि ती अडकलीये."

"कशात?"

"चालेल या शब्दात."

"अगंबाई, मग चालेल की! सोडा ना!" असं म्हणून त्या दूध घेऊन गेल्या.

नजरेचा पुरावा मागितल्यावर एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. मोजायची हत्यारं आपण अशीच तपासतो. एकच वस्तू त्या हत्याराने पुन्हा पुन्हा मोजायची. दरवेळी तेच उत्तर आलं तर हत्यार भरवशाचं. मग काकांची नजर हेही एक हत्यारच. मी नंबियार सरांना फोन केला. म्हटलं, चाळीसही पिनांचे नंबर झाकू, पिना कालवू, आणि काकांना एकेक देऊ. असं तीनदा करू. दरवेळी त्याच पिनेला तोच शब्द आला, तर तो शब्द नुसती बोलायची पद्धत नाही, माप आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल तसं.

मग ते म्हणाले, "हे मला आवडलं. मी येतो."

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे माझीच परीक्षा?"

"हो. आणि नापास झालात तर शिक्का गेला, काका. आणि पिनाही."

"पास झालो तर?"

"तर बघू," मी म्हटलं. खोटं आश्वासन द्यायची सोय नव्हती.

परीक्षा कॉन्फरन्स रूममध्ये झाली. पिनांच्या टोकाला नंबर कोरलेले असतात, त्यांवर मी कागदी टोप्या चढवल्या. लेलेसाहेब म्हणाले, चाळीस बारशी एकदम दिसतायत. नंबियार सर आडोशाला बसून पिना कालवत होते. त्यांच्याकडे टोपीखालच्या नंबरांची यादी होती. काका खिडकीजवळ भिंग लावून बसले. मी मधे, लिहायला.

"चालेल," काका म्हणाले. "चालेल. चालेल. चालतंय. चालेल."

एकेका पिनेला ते उजेडात फिरवत होते. घाई नाही. अकरावीला की बारावीला म्हणाले, "चालेल की." नंबियार सरांनी यादीत बघितलं आणि चेहरा मुद्दाम कोरा ठेवला. पहिला फेरा संपायला दीड तास लागला. लेलेसाहेब मधेच येऊन "अवकाशात पोचेपर्यंत आपला रिझल्ट लागेल ना?" असं विचारून गेले.

दुसऱ्या फेऱ्यात काका एका पिनेवर अडले. उलटसुलट केली. भिंग पुसलं. परत बघितली.

"ही पावनी कोन?" काका म्हणाले.

"म्हणजे?"

"ही आपली न्हाई. आपल्या मशीनवर असली चमक येत न्हाई. ही दुसऱ्या घरची हाय."

मी भाषांतर करायच्या आधीच नंबियार सर उभे राहिले होते. त्यांनी गुपचूप दुसऱ्या कारखान्याची एक पिन मधे सरकवली होती. मलाही सांगितलं नव्हतं. "सॉरी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

तिसरा फेरा दुसऱ्या दिवशी झाला. एकशेवीस उत्तरं. नंबियार सरांनी ती मूळ कागदाशी जुळवली, मग परत जुळवली. एकही चुकलं नव्हतं. सदतीस तेच सदतीस, दोन तेच दोन, आणि तेवीस नंबर दरवेळी 'चालेल की'.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण नंबियार सरांनी तेवीस नंबरची पिन हातात घेतली आणि काकांसमोर ठेवली.

"त्यांना विचारा, ही पिन लावलेल्या खुर्चीत ते बसतील का?"

काका लगेच म्हणाले, "म्या बसंन की. माझं काय जातंय, वय झालं."

मग त्यांनी पिनेकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, काका, पुरे, आता गप्प बसा.

"पन जावयाला बसवायचं म्हनलं," काका म्हणाले, "तर ही तेवढी बाजूला ठिवा."

मी ते भाषांतर केलं. करावंच लागलं. ज्या पिनेबद्दल शंका आहे तिच्या कागदावर शिक्का मारल्याची ही सरळ सरळ कबुली होती.

"कारण?" नंबियार सर म्हणाले.

"बारीक रेघ हाय. आडवी."

पिन मायक्रोस्कोपखाली गेली. रेघ होती. ड्रॉइंगमध्ये रेघेची जास्तीत जास्त खोली दिलेली असते, त्यापेक्षा ती उथळ निघाली. म्हणजे कागदावर पिन पास.

"मग शंका कशाची?"

"साहेब, उसाला कोयत्याचा आडवा चरा दिला तर ऊस तिथंच मोडतो. उभा दिला तर न्हाई मोडत. ह्यांनी ड्रॉइंगात खोली लिवली. आडवी का उभी ते लिवलंच न्हाई."

नंबियार सरांनी ड्रॉइंग उघडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. खरंच लिहिलं नव्हतं. ड्रॉइंग त्यांच्याच कंपनीचं होतं. त्यांचा पेन प्रथमच थांबलेला मी पाहिला.

"त्यांना विचारा, त्याच दिवशी रिजेक्ट का केली नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि जमिनीकडे बघितलं. "ड्रॉइंगात बसनारी वस्तू रिजेक्ट केली तर मॅडम वरडत्यात. आन फॉर्मवर दोनच खानी, पास आन रिजेक्ट. शंका लिवाया जागा न्हाई. म्हनून मग 'की' लिवलं."

क्षणभर वाटलं, यातलं एक वाक्य गाळावं. समोरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि तो फॉर्म मी स्वतः बनवलेला होता. लेलेसाहेब तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते आणि मोठ्या उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. मी शब्दशः भाषांतर केलं. 'वरडत्यात'सकट.

निकाल दोन आठवड्यांनी आला. एकोणचाळीस पिना पास. तेवीस नंबर बाजूला. ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती करायची ठरली, आडव्या रेघेची मर्यादा वेगळी. त्या दुरुस्तीवर दक्षिणेत सहा जणांच्या सह्या लागणार होत्या, त्यामुळे खुर्ची आणखी पुढे गेली. फॉर्मवर तिसरा रकाना आला, 'शंका'. आणि एका ओळीत लिहिलं होतं की इन्स्पेक्टरचा शिक्का तात्काळ परत करावा.

मी ड्रॉवर उघडून शिक्का काकांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला. खुर्चीवर बसले, नवा फॉर्म मागितला, तेवीस नंबर लिहिला, शंकेच्या रकान्यात 'रेघ आडवी' असं लिहिलं आणि त्याखाली शिक्का मारला. इतका जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला. मग त्यांनी डोळे पुसले, आणि मी पण.

काका निवृत्त झाले तोवर पिना खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची अजून जमिनीवरच होती. शंकेचा रकाना आल्यापासून आमच्या पुढच्या लॉटला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. लेलेसाहेबांनी विचारलं, "मॅडम, पूर्वी काका एका पिनेवर शंका घ्यायचे. आता सगळेच घेतात. याला आपण सुधारणा म्हणायचं?" मी हो म्हटलं. शंका आधीही होतीच, फक्त लिहायला जागा नव्हती.

चौकशीच्या रिपोर्टमध्ये मूळ कारण या शीर्षकाखाली माझं नाव होतं. क्वालिटी मॅनेजरने बनवलेल्या फॉर्ममध्ये शंकेसाठी जागा ठेवली नव्हती. उपाय : क्वालिटी मॅनेजरला फॉर्म कसे बनवावेत याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग द्यावं. ते हिंजवडीत होतं. येरवड्याहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हिंजवडीला, सकाळच्या ट्रॅफिकमधून जाणं म्हणजे काय, ते पुण्यातल्यांना सांगायला नको. दोन दिवस एका तरुण मुलाने मला रकाने कसे आखायचे ते शिकवलं. शेवटी त्याने अभिप्रायाचा फॉर्म हातात दिला. त्यात दोनच खाने होते : उत्तम आणि अतिउत्तम.

मी पर्समधून पट्टी काढली, तिसरा खाना आखला, आणि मग सही केली.